फादरची पिवळी रेघ

तो कायमचा घरी निघाला त्या दिवशी सकाळी खोलीत गुडघ्यांवर बसलेला दिसला. खाली गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हा आमच्याकडे पाठ करून मान खाली घालून बसलेला. आम्हाला वाटलं, शेवटची प्रार्थना चाललीय, होऊ द्या निवांत. मी जरा पुढं होऊन बघितलं तर हातात ब्रश. जमिनीवरची पिवळी रेघ मधे मधे पुसट झाली होती, तिच्यावर नवा हात फिरवत होता. अंगात प्रवासाचा शर्ट, कडक इस्त्रीचा, आणि कोपराला पिवळा डाग. तसाच विमानात बसला असणार. मुंबईला उतरल्यावर बायकोनं काय ते विचारलं असेल.

त्याला सगळे फादर म्हणायचे. तो फादर नव्हता. वसईकडचा ख्रिस्ती माणूस, तरुणपणी पाद्री व्हायला सेमिनरीत गेला होता आणि मधूनच परत आला होता. का परत आला, हे त्यानं प्रत्येकाला वेगळं सांगितलं. एकाला सांगितलं, जेवण बेचव. दुसऱ्याला सांगितलं, शेजारच्या आळीतली मुलगी. मला म्हणाला, झोप. तिथं पहाटे फार लवकर उठवायचे. मी बारा वर्षं त्याच्या खालच्या बेडवर काढली, रोज पहाटे सगळ्यांच्या आधी तोच उठायचा. तेव्हा झोपेचं कारण काही मला पटलेलं नाही.

आम्ही खोर फक्कानला होतो. दुबई-शारजाच्या लोकांना वाटतं सगळं यूएई म्हणजे वाळू. आमच्याकडं मागं काळे डोंगर, पुढं समुद्र आणि मधे बंदर. बंदरालगत आमच्या कंपनीचं कंटेनर दुरुस्तीचं यार्ड. चेपलेले, गंजलेले, फाटलेले कंटेनर यायचे, ते आम्ही ठोकून, पत्रा लावून, वेल्डिंग करून परत बोटीवर चढण्याजोगे करायचो. मी वेल्डर. गुहागरकडचा. आमच्या गावी सूर्य समुद्रात बुडतो, इथं समुद्रातून वर येतो. पहिलं वर्षभर मला सकाळ झाली की संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत बसलो होतो, पण गुरुजींशी पटलं नाही. त्यांनी कान धरला, मी दप्तर ठेवलं आणि घरी आलो, परत गेलो नाही. वडील म्हणाले माफी माग. मागितली नाही. तेव्हा हे जे लिहितोय ते जसं येतं तसं लिहितोय. मात्र मी भजनाचा बुवा आहे. दोनशेवर भजनं तोंडपाठ, एकही कागद न बघता. हे चौथीवाल्याला जमतं, पदवीवाल्याला जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फादर स्टोअरकीपर. वेल्डिंगच्या कांड्या, ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे, रंग, सगळं त्याच्या ताब्यात. स्टोअरला एक खिडकी होती, कमरेइतका उंच कठडा आणि वर जाळी. त्या खिडकीत तो उभा राहिला की वेगळाच माणूस. प्रत्येकाला तुम्ही म्हणायचा. झाडूवाल्याला तुम्ही, फोरमनला तुम्ही, मला तुम्ही. आणि खोलीत आला की सगळ्यांना तू. फोरमन एकदा खोलीत आला, त्याला म्हणाला, "ये, बस, चहा घेतोस?" फोरमन गोरामोरा झाला. दुसऱ्या दिवशी खिडकीत परत "बोला, काय हवंय तुम्हाला?"

त्याचा नियम एकच. नवा हातमोजा हवा तर जुना फाटका आणून दाखवायचा. कुणी गंमतीनं म्हणालं, फादर, देवाच्या नावानं एक जोड द्या, तर तो गंभीरपणे सांगायचा, "देवाच्या नावानं मागायचं तर शुक्रवारी माझ्याबरोबर फुजैराला चला, तिथं चर्चमध्ये मिस्सा असते. इथं जुना हातमोजा दाखवा." उलट खोलीत तो संध्याकाळी माळ घेऊन बसला आणि कुणी विचारलं की स्टोअरमध्ये चकत्या आल्या का, तर उत्तर नाही. मेलं तरी नाही. माळ संपवून, ती डबीत ठेवून, उठून इकडं यायचा आणि मग सांगायचा, "आल्या."

इकडं म्हणजे रेघेच्या इकडं. आता ती रेघ सांगतो.

आमची खोली लांबट होती. खिडकीकडच्या भिंतीला एक फळी. फळीवर माझा विठोबा-रखुमाईचा फोटो, त्याच्या शेजारी फादरची मेरीमाता, आणि कडेला गुंडाळून ठेवलेली हसनची नमाजाची चटई. हसन दाभोळचा. माझ्या गावापासून तर खाडीपलीकडं दिसतं दाभोळ. फादरच्या आधी तोच माझा जवळचा. ढोलकी अशी वाजवायचा की मी चुकलो तरी मला पुढं ढकलून नेई. गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, आमच्या खोलीत भजन व्हायचं. बारा-पंधरा जण यायचे, मासळीच्या टोपलीतल्या बांगड्यांसारखे चिकटून बसायचे.

तर झालं काय, एकदा हसन नमाजाला उभा असताना फोरमन दारात येऊन ओरडला की ग्राइंडर कुणी नेला. हसन उभाच. फोरमन पुन्हा ओरडला. त्या आधी माझ्या आरतीत दोघा जणांचं ओव्हरटाइमवरून भांडण पेटलं होतं. फादरनं दोन्ही बघितलं होतं. पुढच्या शुक्रवारी त्यानं सगळे बेड दाराकडं सरकवले, खिडकीकडची जागा मोकळी केली आणि जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिवळी रेघ मारली. हातभर रुंद नाही, चार बोटं असेल. यार्डात चालायच्या वाटेला असते तशीच.

रेघेच्या पलीकडं कंपनीचं बोलायचं नाही. हा पहिला कायदा सगळ्यांना आवडला. दुसरा आवडला नाही. रेघेच्या अलीकडं देवाचं नाव सांगून काही मिळवायचं नाही. आमच्यात भांडी घासायची पाळी असायची. माझी एकादशी असली की मी म्हणायचो, आज उपास आहे, भांडी दुसऱ्यानं घासा. फादर म्हणाला, "उपास तिकडचा, भांडी इकडची." हसनला रमजानमध्ये तेच ऐकवलं. आणि गंमत बघा, त्या अख्ख्या रमजानमध्ये हसनच्या पाळीची भांडी घासलेली सापडायची. आम्ही विचारलं तर फादर म्हणाला, मला हाताला चाळा नव्हता म्हणून घासली, याचा देवाशी संबंध जोडू नका.

फोरमननं रेघ बघितली आणि त्याला वाटलं आता सापडला. पिवळा रंग स्टोअरमध्येच असायचा. तेव्हाच्या साहेबाकडं तक्रार केली की स्टोअरकीपरनं रंग चोरला. फादरनं बेडखालून डबा काढून दाखवला. बाजारातल्या मलबारी दुकानातून स्वतः विकत आणलेला. बारा दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे शंभरावर रुपये. हसन डोक्याला हात लावून म्हणाला, अरे, स्टोअरमध्ये रंग सांडून वाया जातो, चमचाभर घेतला असतास तर कुणाच्या बापाला कळलं असतं? फादर म्हणाला, "कंपनीच्या रंगानं मारली असती तर रेघ कंपनीची झाली असती. मग उद्या कंपनी म्हणेल, जरा डावीकडं घ्या."

मला मात्र ती रेघ मुळीच पसंत नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. आमच्याकडं देव घरभर असतो. चुलीत देव, उंबऱ्यात देव, होडीत देव. हा माणूस माझ्या विठोबाला कोपऱ्यात बसवून पुढं कुंपण घालतो म्हणजे काय? मी त्याला म्हटलं, देव काय गुरं आहे का बांधून ठेवायला? तो नुसता हसला. मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यानं तळलेला बोंबील पुढं केला म्हणून बोललो.

त्या रेघेचा अर्थ मला यार्डात कळायला हवा होता, पण तिथंही नाही कळला. नवा फोर्कलिफ्टवाला आला होता, घाईचा माणूस. चालायच्या वाटेवरून आडवी गाडी घालत होता. फादर स्टोअरमधून धावत आला, हात वर करून गाडीसमोर उभा राहिला. एवढा लोखंडाचा हत्ती आणि पुढं हा चिपाडासारखा. गाडी थांबली. मग फादर त्या पिवळ्या रेघेवरून तीनदा इकडून तिकडं, तिकडून इकडं चालत गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "देखो, मैं जा सकता हूँ. तुम नहीं आ सकता." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बघितलंत का बुवा?" मी म्हटलं, बघितलं. काय बघितलं ते मात्र मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी मिस्सेहून येताना तो मासळी आणायचा आणि साफ करता करता इतिहास सांगायचा. खवल्यांबरोबर राजे उडायचे. रोमचा बादशहा स्वतः ख्रिस्ती झाला आणि लगेच धर्मगुरूंच्या सभा भरवायला लागला, खर्च त्याचा, मग निकालही त्याच्या सोयीचा. इंग्लंडचा राजा तर स्वतःच चर्चचा मालक होऊन बसला. फादर म्हणायचा, लोकांना वाटतं राज्य आणि चर्च वेगळं करा ही मागणी देव न मानणाऱ्यांनी केली. तसे होतेच काही, पंडित लोक, धर्मगुरूंच्या जाचाला कंटाळलेले. पण त्यांच्या बरोबरीनं, किंबहुना काही ठिकाणी त्यांच्याही आधी, ओरडत होते ते पक्के भाविक. अमेरिकेत तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. तिथल्या काही मुलखांत सरकारी चर्चच्या पाद्र्याचा पगार सगळ्यांनी भरायचा, त्या चर्चमध्ये पाय ठेवत नसलात तरी. आणि परवान्याशिवाय शेतात, झाडाखाली प्रवचन केलं की तुरुंग. असे कित्येक तुरुंगात गेले. लोक तुरुंगाबाहेर जमायचे आणि हे आतून, गजांमधून प्रवचन करायचे.

हे तुरुंगाच्या खिडकीचं मला आवडलं. मी म्हटलं, मी असतो तर मीही तेच केलं असतं. फादर म्हणाला, "तू असतास तर तुरुंगवाल्यानंच पदरचे पैसे देऊन तुला बाहेर काढलं असतं."

हसन एकदा म्हणाला, फादर, पण इथं तर राज्य आणि मशीद एकच आहे, आणि तुमच्या चर्चला जमीन पण इथल्या शेखनंच दिली. मग? फादरनं सुरी खाली ठेवली. म्हणाला, पाहुण्यानं यजमानाच्या घराच्या भिंती मोजत फिरू नये. जमीन दिली, त्यांचे उपकार, मी रोज त्यांच्यासाठी एक माळ म्हणतो. माझी रेघ माझ्या खोलीपुरती.

मग वसईचं सांगितलं. ते मी विसरलो नाही. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगालच्या राजानं मोठमोठी चर्च बांधली, पाद्रीही राजाच्या मर्जीनं नेमलेले. राजा गेला. किल्ल्यातली चर्च आज छपराविना उभी आहेत, आत पिंपळ आणि कबुतरं. गावागावांतलीही पडली होती, पण ती लोकांनी स्वतः परत उभी केली. ती आजही रविवारी भरतात. मी म्हटलं, किल्ला आमच्या मराठ्यांनी घेतला, म्हणून पडली तुमची चर्च. फादर म्हणाला, "घेतलाच. राजाचं होतं ते राजांनी घेतलं. लोकांचं होतं ते कोण घेणार?"

एवढं सगळं ऐकूनही मी जे करायचं तेच केलं.

यार्डला नवा साहेब आला, पुण्याचा. बायकामुलं शारजात, हा आठवडाभर इथं कंपनीच्या बंगल्यात. माणूस चांगला. खरोखरच चांगला, उगाच त्याला काळं फासणार नाही. एका गुरुवारी खालून जाताना त्याला भजन ऐकू आलं. वर आला, दारात उभा राहिला, डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, बुवा, वडील आठवले. शनिवारी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, यार्डामागं एक पोर्टाकेबिन, पत्र्याची तयार खोली, रिकामी आहे. एसी आहे. मी गालिचा टाकून देतो, पेटी मागवतो. भजन तिथं करा.

मी आनंदानं खोलीत आलो. जुलैचा महिना, खोलीतला एसी नुसता खोकायचा, पंधरा माणसं घामानं निथळायची. सगळे खूश. फादर बेडवर बसून मोजा शिवत होता. म्हणाला, "बुवा, घेऊ नकोस."

मी कारण विचारलं.

"साहेब गाडीतून येतोय."

मी म्हटलं, साहेब आहे, गाडीतूनच येणार, चालत येईल का? तुमच्या चर्चला शेखची जमीन चालते आणि आमच्या विठोबाला साहेबाचा एसी चालत नाही? हे बाकीच्यांनाही पटलं. फादरनं मोज्याचा दोरा दातानं तोडला. मी फळीवरचा फोटो उचलला आणि गेलो. ऐकलं नाही त्याचं. का ऐकावं? भजन माझं, घाम माझ्या माणसांचा.

पहिले दोन-तीन गुरुवार स्वर्ग. पेटी नवीकोरी. साहेब पुढं बसायचा, मांडी घालून, डोळे मिटून. पण हसन आला नाही. मी बोलवायला गेलो. तो ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता.

"इथं मी तुझ्यासाठी वाजवायचो," हसन म्हणाला. "तिथं कुणासाठी वाजवू?"

मी म्हटलं, माझ्यासाठीच. तो म्हणाला, तुला वाटतं तसं. मी आलो तर म्हणतील साहेबाला खूश करायला आला. नाही आलो तर म्हणतील बघा, हा नाही आला. पूर्वी मी आलो काय आणि नाही आलो काय, कुणी काही म्हणत नव्हतं. मला राग आला, तसाच परत गेलो.

मग हळूहळू मला दिसायला लागलं. ज्याला सुट्टीवर जायचंय तो पुढं बसतो आणि सगळ्यात मोठ्यानं टाळी वाजवतो. ज्याचं फोरमनशी वाजलंय तो येतच नाही. ज्यांनी जन्मात टाळ धरला नव्हता असे चार जण नियमानं यायला लागले, आणि माझे दोन जुने टाळकरी गळले. साहेबाचे डोळे मिटलेले असायचे, पण त्याचा ड्रायव्हर दारात उभा राहून कोण आलं कोण नाही ते बघायचा. साहेबानं त्याला सांगितलं नसणार. ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. मी गायचो आणि मला समोर भजनी दिसायचे नाहीत, रजेचे अर्ज दिसायचे. फादरला यातलं काही सांगितलं नाही.

सप्टेंबरातला गुरुवार. मी केबिनमध्ये शिरतोय तोच साहेबानं मला बाहेर बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बुवा, दोन बोटींचा माल अंगावर आलाय. उद्या सुट्टी रद्द करून सगळे यायला हवेत. फोरमननं सांगितलं तर कुरकुर होईल. "आरती झाली की तुम्हीच दोन शब्द सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतात."

आता हे लक्षात घ्या, माझ्या व्हिसाचं रिन्यूअल त्याच महिन्यात या साहेबाच्या टेबलावर होतं. आणि गावी मुलीचं लग्न ठरलेलं. साहेबानं त्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्याच्या मनातही नसेल. माझ्या मनात होतं.

मी आत गेलो. भजन केलं. आवाज लागत नव्हता, तरी केलं. आरती झाली, प्रसाद फिरला. साहेब माझ्याकडं बघतोय. मी टाळ पिशवीत घातले. साहेब जरासा खाकरला आणि हळूच म्हणाला, "बुवा, ते राहिलं."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, ते बोर्डावर लावा. बोर्ड यार्डात आहे. इथं आम्ही प्रसाद वाटतो."

एवढंच. मी फोटो उचलला, काखेत धरला आणि चपला घालून चालायला लागलो. हे मी फादरच्या इतिहासामुळं केलं असं कुणी म्हणू नये. माझ्या भजनात मी दुसऱ्याचे निरोप पोचवत नाही, बस्स. पाचवीत दप्तर ठेवलं तसं ठेवलं.

खोलीत आलो. मला वाटत होतं, आता फादर बोलणार, सांगितलं नव्हतं का. तो बेडवर आडवा होता. मी रेघेपाशी थांबलो. पलीकडचा कोपरा मोकळा होता, झाडलेला. मधल्या दोन महिन्यांत कॅम्पमध्ये चार नवी माणसं आली होती, ट्रंका ठेवायला जागा नव्हती, लोक व्हरांड्यात सामान ठेवत होते. आणि त्या कोपऱ्यात एक पिशवीसुद्धा नाही. फळीवर माझ्या फोटोची जागा रिकामी, मेरीमाता तिच्या जागेवर, मधे बोटभर धूळ नाही. मी फोटो ठेवला. फादर आडव्यानंच म्हणाला, "जरा सरळ कर. वाकडा दिसतोय." सरळ केला.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. कुणी कामावर गेलं, कुणी नाही. मी गेलो. माल होता, काम होतं, जायला काय झालं? माझं भांडण शुक्रवारच्या कामाशी नव्हतंच.

त्या दिवशी दुपारी यार्डात जेवायला बसलो होतो. समोरून फोर्कलिफ्ट आली, पिवळ्या रेघेपाशी वळली आणि बाहेरून गेली. एक पोरगा डबा हलवत त्याच रेघेवरून आरपार चालत गेला. मी घास हातात धरून बघत राहिलो. रेघ चालणाऱ्यासाठी नसतेच. चालणारा कुठूनही जावो. रेघ असते ती गाडीसाठी. मी इतकी वर्षं समजत होतो, यानं माझ्या विठोबाला कुंपण घातलं. खिडकीत बघितलं तर फादर कुणाचा तरी फाटका हातमोजा उजेडात धरून तपासत होता. मी त्याला काही बोललो नाही. त्याला उगाच फुगवायचं कशाला?

पुढच्या गुरुवारी भजन खोलीत. माझे जुने दोन टाळकरी आले. हसन नेहमीसारखा रेघेच्या अलीकडं बसला आणि ढोलकी पलीकडं ठेवून वाजवायला लागला. फादर त्याच्या बेडवर. भजनाला तो कधी पलीकडं यायचा नाही, पण एका भजनाला बोटांनी लोखंडी पट्टीवर ठेका धरायचा, आणि ते भजन मी मुद्दाम घ्यायचो.

मधेच दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं. बाहेर साहेब उभा. एकटा. ड्रायव्हर नाही. अंगात साधा सदरा, पायात रबरी चपला. घामेजलेला, बंगल्यापासून चालत आला होता. ढोलकी थांबली. कुणाला काय करावं कळेना. अर्धे जण उठायला लागले, साहेब आला की उठायचं ही सवय.

फादर बेडवरून म्हणाला, "बसा रे खाली." मग साहेबाकडं बघून म्हणाला, "चालत आलास?"

साहेब क्षणभर गोंधळला. त्याला आयुष्यात स्टोअरकीपरनं तू म्हटलं नसेल. "हो," म्हणाला. "चालतच आलो."

"मग ये. चपला तिथं काढ. मागं जागा आहे."

साहेब रेघ ओलांडून गेला आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसला. हसननं त्याच्याकडं न बघता एक टाळजोड मागं सरकवली. साहेबाचा टाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकला. पुण्याच्या माणसाला कोकणच्या चालीवर टाळ जमत नाही, याला तो काय करणार. पण मी सांगतो, त्या दिवशी मी गायलो तसा पुन्हा फार वेळा गायलो नाही.

माझं रिन्यूअल झालं. भजनामुळं झालं की वेल्डिंगमुळं, मी विचारलं नाही. वेल्डिंगमुळंच झालं असणार. माझा जोड पाण्यात धरला तरी थेंब आत जात नसे.

त्या भजनानंतरच्या शनिवारी सकाळी स्टोअरच्या खिडकीपाशी रांग होती. सगळ्यात पुढं साहेब. बोटीवरची माणसं बघायला येणार होती, त्यांना यार्ड दाखवायचं म्हणून त्याला हातमोजे हवे होते. चेहरा खुललेला. जाळीतून वाकून म्हणाला, "फादर, परवा फार बरं वाटलं. येत्या गुरुवारी पण येऊ ना?"

फादरनं डोळ्यांवरचा चष्मा पुसला, परत लावला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही जुना हातमोजा आणलात का?"

साहेबानं दोन्ही हात बघितले. नव्हता. हसला आणि शोधायला गेला. मी त्याच्या मागं उभा होतो, माझ्याकडं जुना होता. मला नवा मिळाला.